नामदार गोखले : देशकार्यात वेचलेला श्वास

श्वास ही अशी वस्तू आहे की, ती बिनतक्रार चालू असेपर्यंत तिची आठवण कोणालाही होत नाही. धनिकास धनाची, विद्वानास विद्येची जाणीव असते. पण आपण श्वास घेत आहोत, या गोष्टीची जाणीव निरोगी मनुष्यास क्वचितच असते. तोच श्वास अपुरा पडू लागला म्हणजे मात्र जगातील दुसरी कोणतीही गोष्ट सुचत नाही. अशा अपुऱ्या श्वासावर ज्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे काढली आणि तरीही देशाची चिंता ज्यांनी क्षणभर सोडली नाही, अशा एका थोर पुरुषाचे चरित्र आज आपणांस सांगावयाचे आहे. ते पुरुष म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

1915 सालच्या फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट. दक्षिण आफ्रिकेतून नुकतेच परतलेले मोहनदास गांधी पुण्यास भारत सेवक समाजात उतरले होते. त्यांच्यासाठी अंगणात एक साधा स्नेहमेळावा योजिला होता. शेंगदाणे, खजूर व फळे एवढाच त्यातील उपाहार. गोखल्यांची खोली तेथून काही पावलांवरच होती. परंतु तेवढे अंतर चालून जाण्याचीही शक्ती त्यांच्या अंगी उरली नव्हती. तरीही गांधींवरील प्रेमामुळे त्यांना राहवेना. ते उठून आले आणि मूर्च्छित झाले. त्यांना उचलून खोलीत न्यावे लागले. शुद्धीवर येताच त्यांनी निरोप धाडला तो हाच की, आपल्यामुळे मेळावा थांबवू नये. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, 19 फेब्रुवारी 1915 रोजी रात्री, त्यांची प्राणज्योत मालवली. वय अवघे 48 वर्षांचे होते.

ही काही पावले चालणेसुद्धा ज्यांना जड झाले, त्यांनी तोवर किती लांबची वाट चालली होती, ते आता पाहू.

गोपाळरावांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. घरची स्थिती बेताची. वडील कृष्णराव हे कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात नोकरीस होते. 1879 साली ते वारले, तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा 15 रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील 8 रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. त्या 8 रुपयांची किंमत गोपाळने पुरेपूर ओळखली होती. पै-पैचा हिशेब ठेवून, प्रसंगी पोटास चिमटा घेऊन त्याने अभ्यास केला. 1881 साली तो मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला आणि 1884 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाला. त्या काळी पदवीधर तरुणास सरकारी नोकरीचे दरवाजे सताड उघडे होते. भावाच्या त्यागाचे ऋण फेडण्याचा तो सरळ मार्गही होता. परंतु गोपाळरावांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधील शिक्षकाची जागा पत्करली आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन आपल्या ऐन तारुण्याची सुमारे अठरा वर्षे अल्प वेतनावर फर्ग्युसन महाविद्यालयास वाहिली. गणित, इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र असे नाना विषय त्यांनी शिकविले. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पाठ्यपुस्तक पुढे अनेक वर्षे शाळांतून चालत होते.

याच काळात त्यांना दोन थोर पुरुषांचा सहवास लाभला. एक न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. त्यांच्या पायाशी बसून गोपाळरावांनी राज्यकारभार व अर्थकारण यांचा अभ्यास केला. रानड्यांची शिस्त मोठी कडक. लिहिलेला कागद पुन्हा तपासावा, प्रत्येक आकडा पारखून घ्यावा, मगच तो लोकांपुढे ठेवावा, हा धडा त्यांनी गोखल्यांस दिला. दुसरे गोपाळ गणेश आगरकर. त्यांच्या सुधारक पत्राची इंग्रजी बाजू काही काळ गोखले सांभाळीत असत. आगरकरांना दम्याचा विकार होता आणि वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच 1895 साली ते निवर्तले. श्वासासाठी चाललेली मनुष्याची झुंज गोखल्यांनी प्रथम पाहिली ती या जिवलग सहकाऱ्याच्या ठायी. पुढे तीच झुंज, निराळ्या कारणाने, आपल्या वाट्यास येणार आहे, हे तेव्हा त्यांस कोठून ठाऊक असणार?

1897 साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले. वाटेत फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कॅले येथे त्यांस अपघात होऊन छातीस दुखापत झाली. लंडनला पोहोचल्यावर काही दिवस अंथरुणावर काढावे लागले. तरीही त्यांनी साक्ष दिली, आणि आकड्यांच्या आधाराने ती इतकी चोख दिली की, तीस वर्षांच्या या तरुणाकडे जाणत्यांचे लक्ष वेधले. परंतु त्याच प्रवासात त्यांच्यावर एक कठीण प्रसंग ओढवला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तास नेमलेल्या गोऱ्या सैनिकांच्या वर्तनाविषयी पुण्याहून आलेल्या पत्रांतील गंभीर तक्रारी त्यांनी विलायतेत प्रसिद्ध केल्या. हिंदुस्थानात परतल्यावर पाहतात, तो ती गोष्ट सिद्ध करण्यास पुरावा मिळेना. गोखल्यांनी जाहीरपणे बिनशर्त माफी मागितली. त्याबद्दल स्वकीयांनी त्यांना भित्रे ठरविले आणि कित्येक दिवस त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. पण जी गोष्ट आपण सिद्ध करू शकत नाही, ती मागे घेणे हे आपले कर्तव्यच आहे, अशी त्यांची धारणा होती. लोकप्रियता गमावूनही सत्यास चिकटून राहणे किती अवघड असते, हे ज्याने अनुभविले असेल, त्यालाच या माफीतील धैर्य कळेल.

पुढील काळात त्यांची कीर्ती वाढतच गेली. 1899 साली ते मुंबई कायदे कौन्सिलात निवडून आले आणि 1902 पासून वरिष्ठ कायदे कौन्सिलात त्यांचा आवाज घुमू लागला. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पावरील भाषणात त्यांनी सरकारच्या तिजोरीतील शिलकीचे खरे स्वरूप उघड केले. देशात दुष्काळ पडत असता तिजोरीत शिल्लक राहते, याचा अर्थ प्रजा सुखी आहे असा नसून तिच्यावर कर जास्त बसविला आहे असा होतो, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवून दिले. गरिबांच्या मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. 1903 पासून तो टप्प्याटप्प्याने उतरला व 1907 साली मणामागे 1 रुपयावर आला. त्या यशात गोखल्यांच्या अविरत टीकेचा वाटा मोठा होता. 12 जून 1905 रोजी त्यांनी पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी काशी येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले.

परंतु विद्यार्थ्यांनी ज्याबद्दल त्यांचे विशेष स्मरण ठेवावे, ते कार्य वेगळेच आहे. 16 मार्च 1911 रोजी त्यांनी कौन्सिलात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण टप्प्याटप्प्याने सक्तीचे व्हावे, एवढीच त्यातील माफक मागणी होती. 19 मार्च 1912 रोजी ते विधेयक 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. पराभव होणार हे गोखल्यांस आधीच दिसत होते. तरीही त्यांनी गावोगावी मते मागविली, टिपणे केली आणि भाषणाची तयारी जणू विजय हाताशी आहे अशी केली. पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, हा निसर्गाचा न्यायच आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा आपल्या देशात 1 एप्रिल 2010 रोजी अमलात आला. आज उज्जयिनीच्या गल्लीबोळांतून जी मुले दप्तर पाठीस लावून शाळेस जातात, त्यांच्या त्या हक्कामागे 1912 सालचा हा पराभव उभा आहे.

या अथक श्रमांत शरीर मात्र खचत चालले होते. त्यांना मधुमेह जडला होता, आणि त्याच्या जोडीस हृदयजन्य दमा, ज्यास डॉक्टर कार्डियाक अस्थमा म्हणतात, तो विकार आला. या विकाराचे स्वरूप आपण थोडे समजून घेऊ. कारण त्यावाचून गोखल्यांच्या अखेरच्या वर्षांची खरी कल्पना येणार नाही.

आपल्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सुमारे 30 ते 50 कोटी सूक्ष्म वायुकोश असतात. ते सारे उलगडून पसरले तर सुमारे 70 चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे बॅडमिंटनच्या मैदानाहून थोडीशी कमी. प्रत्येक कोशाभोवती केशवाहिन्यांचे जाळे असते. कोशातील हवा आणि वाहिनीतील रक्त यांच्यामधील पडदा मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका पातळ असतो. त्या पडद्यातूनच प्राणवायू रक्तात शिरतो. हृदयाची उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे धाडते, तेथून ते डाव्या बाजूस येते आणि डावी बाजू ते साऱ्या शरीरास पुरविते. स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या देहातही दर मिनिटास सुमारे 5 लिटर रक्त या मार्गाने फिरत असते.

आता डावी बाजू दुबळी झाली तर काय होईल? पावसाळ्यात पुलाच्या कमानीत ओंडके व झाडेझुडपे अडकली म्हणजे नदीचे पाणी पुढे सरत नाही. ते मागे फुगते आणि घाटाच्या एकेक पायरीवर चढू लागते. क्षिप्रेच्या काठी राहणाऱ्या आपणांस हे दृश्य नवे नाही. हृदयाच्या बाबतीतही तसेच घडते. रक्त पुढे ढकलले जात नाही म्हणून फुप्फुसांतील वाहिन्यांत दाब वाढतो आणि रक्तातील पाणी पाझरून प्रथम कोशांच्या भिंतींत व मग कोशांत शिरते. जेथे हवा असावयाची, तेथे पाणी साचते. प्राणवायूस रक्तापर्यंत पोहोचण्याची वाट सापडत नाही. छाती भात्यासारखी हलते, पण जीव घुसमटतो. श्वासनलिकांवरही सूज येऊन घरघर ऐकू येते. म्हणूनच या विकारास दमा असे नाव पडले. वास्तविक मूळ दुखणे श्वासनलिकांचे नसून हृदयाचे असते.

हा रोग रात्री विशेष छळतो. मनुष्य आडवा झाला की पायांकडील रक्त छातीकडे वळते व दाब आणखी वाढतो. रोगी गाढ झोपेतून दचकून उठतो, खिडकीकडे धाव घेतो, उशा रचून टेकून बसतो. पाय खाली सोडून बसले म्हणजे काहीसा आराम वाटतो. विकार विकोपास गेला तर गुलाबी फेसाळ कफ पडू लागतो. रेने लेनेक या फ्रेंच वैद्याने 1816 साली नळीने छाती ऐकण्याचे साधन शोधून काढले. फुप्फुसांत पाणी साचले असता त्या साधनातून बारीक चरचर ऐकू येते, आणि आजही डॉक्टर पाठीवर नळी लावून तीच शोधतात.

फुप्फुसांशी संबंधित असे पाणी दोन ठिकाणी साचू शकते, हेही ध्यानात ठेवावे. वर सांगितले ते फुप्फुसांच्या आत. दुसरे फुप्फुसांवरील दुहेरी आवरणाच्या पोकळीत, म्हणजे बाहेर. त्या आवरणास सूज आली म्हणजे त्यास प्लूरसी म्हणतात. श्वास घेताना बरगडीत कळ येते आणि पुष्कळदा तेथे पाणीही जमते. योगायोग असा की, 1914 च्या शरद ऋतूत लंडन येथे गांधींना याच प्लूरसीने गाठले, आणि त्यांची चिंता वाहणारे होते स्वतः आजारी असलेले गोखले! प्रकृतीसाठी ते फ्रान्समध्ये गेले असता महायुद्ध पेटले व ते पॅरिसला अडकून पडले होते. तेथून लंडनला परतल्यावर गांधींच्या आहाराची चर्चा रोज होऊ लागली. गांधी फळे व शेंगदाणे यांवर राहत. डॉक्टर दूध घेण्याचा आग्रह करीत आणि गोखल्यांचेही म्हणणे तेच होते. गांधींनी रात्रभर विचार केला आणि दूध न घेण्याचा आपला निश्चय नम्रपणे कळविला. गोखल्यांना तो रुचला नाही; पण त्यांनी आग्रह सोडला आणि त्यांच्या प्रेमात तिळमात्र अंतर पडले नाही. पुढे लंडनचे धुके स्वतः गोखल्यांसच सोसेना, म्हणून ते मायदेशी परतले.

दुसऱ्याच्या प्रकृतीस इतके जपणारा हा पुरुष स्वतःच्या बाबतीत मात्र विश्रांतीपेक्षा कामास पुढे करी. 1912 च्या ऑक्टोबरात ते दक्षिण आफ्रिकेस गेले. तेथील हिंदी लोकांवर लादलेला 3 पौंडांचा जाचक कर रद्द व्हावा, यासाठी सुमारे चार आठवडे त्यांनी सभांमागून सभा घेतल्या. टॉल्स्टॉय फार्मवर जाताना स्थानकापासून सुमारे दीड मैल त्यांना पायी चालावे लागले. वाटेत पाऊस आला व त्यांना सर्दी बाधली. त्यांच्यासाठी मुद्दाम खाट आणविली होती. परंतु इतर सारे भुईवर निजतात असे कळताच त्यांनी ती काढावयास लावली आणि स्वतःचे अंथरूणही भुईवरच घालविले. तो कर 1914 साली रद्द झाला. त्याच सुमारास ते सरकारी नोकऱ्यांविषयीच्या शाही आयोगाचे सभासद म्हणून इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यामध्ये ये-जा करीत होते. 1914 साली सरकारने देऊ केलेली सर ही पदवी त्यांनी नाकारली. मृत्यूपूर्वी काही दिवसांवर येऊन ठेपले असतानाही हिंदुस्थानच्या भावी राज्यसुधारणांचा मसुदा त्यांनी लिहून काढला. तो 1917 साली प्रसिद्ध झाला व त्यांचे राजकीय मृत्युपत्र म्हणून ओळखला गेला.

त्या वेळी वैद्यकाच्या हाती साधने तरी किती होती? डिजिटॅलिस हे हृदयास बळ देणारे औषध 1785 पासून ठाऊक होते; त्याखेरीज विश्रांती, पथ्य आणि गुंगी आणून धाप शमविणारी औषधे, एवढाच आधार. मधुमेहावर इन्सुलिनचा पहिला उपयोग 1922 साली, म्हणजे गोखल्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी झाला. लघवीवाटे पाणी वेगाने बाहेर काढणारे फ्युरोसेमाइड हे औषध 1960 च्या दशकात वापरात आले. आज हृदयाची छायाचित्रे काढता येतात, रक्तदाब आवरता येतो, प्राणवायू देता येतो. गोखल्यांना जे मिळाले नाही, ते आज आपल्या घरच्या आजोबा-आजींना मिळू शकते. मात्र त्यासाठी वेळीच ओळख पटली पाहिजे. घरातील वडीलधाऱ्यांना आडवे झाले की धाप लागत असेल, रात्री उठून बसावे लागत असेल, पायांवर सूज येत असेल, तर ते वयाचे दुखणे म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांस त्वरित दाखवावे. धाप एकाएकी वाढली तर रोग्यास आडवे न करता बसते ठेवावे आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

गोखल्यांच्या निधनाची वार्ता गांधींना शांतिनिकेतनात कळली, आणि ते तातडीने पुण्यास निघाले. एक वर्षभर देशात हिंडावे, पाहावे, ऐकावे आणि मगच बोलावे, ही आपल्या राजकीय गुरूची आज्ञा त्यांनी पाळली. सिंहगडावर असलेले लोकमान्य टिळक अंत्ययात्रेसाठी खाली उतरून आले. आयुष्यभर दोघांचे मार्ग भिन्न राहिले, वादही कडवट झाले. पण स्मशानभूमीवर टिळकांनी या प्रतिस्पर्ध्याचा मुक्तकंठाने गौरव केला आणि तरुणांनी त्यांचे अनुकरण करावे असे सांगितले. पाचच वर्षांनी, 1 ऑगस्ट 1920 रोजी, स्वतः टिळकही न्युमोनियाने, म्हणजे फुप्फुसांच्याच विकाराने गेले.

गोखल्यांनी प्रकृतीची हेळसांड करावयास नको होती, असे कोणी म्हणेल. आणि ते खोटे नाही. शरीर हे कर्तव्याचे पहिले साधन आहे, आणि ते आणखी वीस वर्षे टिकते तर देशाचे हितच झाले असते. त्यांचे अनुकरण करावयाचे ते आजार अंगावर काढण्यात नव्हे. पुराव्यावाचून बोलू नये, चूक झाली तर ती उघड कबूल करावी, पराभव दिसत असतानाही योग्य मागणी मांडावी, आणि स्वतःचा श्वास अपुरा पडत असतानाही शेजारच्याचा श्वास ठीक चालला आहे ना, याची विचारपूस करावी, या गोष्टी त्यांच्यापासून घ्यावयाच्या आहेत. अंगणातील त्या मेळाव्यास येऊन ते कोसळले. परंतु मेळावा थांबवू नका, हा त्यांचा निरोप आपल्यासाठीही आहे.